हळूहळू वजन कमी करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी करायला निघालेल्या माणसांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. मधुमेह, रक्तदाब किंवा आणखी कशाची औषधं रोज चालू असतील तर आधी प्रश्न १८ वाचा आणि मगच बाकीचं.

१. माझं वजन खरंच जास्त आहे की मला उगाच वाटतंय?

पहिला अंदाज बीएमआयवरून येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६० मीटर आणि वजन ७० किलो असेल तर ७० भागिले २.५६, म्हणजे साधारण २७.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ ते २५ हा निरोगी पट्टा, २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे स्थूलता. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी आकड्यांवरच वाढू लागतो. म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले.

हे सूत्र १९व्या शतकातल्या केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. तो लोकसमूहाची सरासरी शोधत होता, एकेका माणसाची तब्येत तपासत नव्हता. त्यामुळे स्नायू किती आणि चरबी किती, हे बीएमआयला कळत नाही. सोबत कंबर मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा आणि आकडा वाचायचा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. या दोन आकड्यांतला एकच लक्षात ठेवायचा असेल तर मी कमरेचा ठेवायला सांगेन. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी जास्त घातक असते आणि तिचा सुगावा कंबरच देते.

२. आठवड्याला किती कमी झालं तर बरोबर? मला दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवायचेत.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बहुतेकांसाठी सुरक्षित वेग मानला जातो. त्याहून कमी झालं तरी काही बिघडत नाही. दोन महिन्यांत पंधरा किलो म्हणजे आठवड्याला जवळपास दोन किलो. त्या वेगात चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. शिवाय त्यासाठी इतकं कमी खावं लागतं की तिसऱ्या महिन्यात माणूस थकून सगळंच सोडून देतो.

कुठलंही नवं डाएट घेऊन कोणी आलं की मी एकच प्रश्न विचारते: पाच वर्षांनीही तुम्ही असंच खात असाल का? उत्तर 'छे, तोपर्यंत कशाला!' असं आलं, तर उतरलेलं वजनही तोपर्यंत टिकणार नाही.

आणि फायदा मिळायला पंधरा किलोंची वाट पाहावी लागत नाही. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) सुधारू लागतात. ८० किलोच्या माणसासाठी हे ४ ते ८ किलो झाले. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. साध्या सवयींनी औषधाच्या पुढे मजल मारली, हे मला आजही फार मोठं वाटतं.

३. चरबी 'जळते' म्हणजे जाते कुठे? घामातून?

बहुतेक श्वासातून. चरबी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची बनलेली असते. शरीर ती वापरतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हा हिशोब मांडला. १० किलो चरबी वापरली गेली तर ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि १.६ किलो पाणी होऊन. घाम गाळून, पोटाला पट्टा बांधून किंवा वाफ घेऊन जे वजन उतरतं ते पाण्याचं. दोन पेले पाणी प्यायलात की ते परत येतं.

४. एक किलो चरबी म्हणजे किती कॅलरी?

साधारण ७,७००. म्हणजे रोज ५०० कॅलरींची तूट पडली (खर्चापेक्षा तेवढ्या कमी खाल्ल्या) तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. पण हे गणित वर्षभर सरळ रेषेत चालवू नका. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही कमी होत जातो (प्रश्न १४).

५. आहार महत्त्वाचा की व्यायाम? एकच जमणार असेल तर काय करू?

काट्यावरचा आकडा खाली आणायचा असेल तर आहार. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्या वेगाने चालल्यावर १२० कॅलरींच्या आसपास खर्च होतात. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, तेवढ्याच कॅलरी देतं. ताटातला एक चमचा कमी करायला क्षण लागतो, तो चालून भरून काढायला अर्धा तास.

पण हे वाचून व्यायाम सोडणार असाल तर थांबा. वजन उतरताना स्नायू वाचवणं, हृदय आणि सांधे ठीक ठेवणं, झोप सुधारणं, मन ताळ्यावर ठेवणं आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू न देणं ही कामं व्यायामच करतो. एकच जमणार असेल तर आज आहारापासून सुरुवात करा आणि महिन्याभरात चालणं जोडा.

६. मग खायचं काय? एकदा नीट सांगा.

मी तक्ता देत नाही. दुसऱ्याने आखलेला तक्ता दहा दिवस चालतो. त्याऐवजी तुम्ही आज जे खाता तेच समोर ठेवा आणि त्यातलं प्रमाण बदला. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरू द्या, पाव भाग प्रथिनांच्या पदार्थांनी (डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध-दही, जे चालत असेल ते) आणि उरलेला पाव धान्याने. बहुतेकांच्या ताटात याच्या नेमकं उलटं असतं: निम्म्याहून जास्त धान्य आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी.

यात प्रथिनं आणि तंतू (फायबर) ही दोनच नावं लक्षात ठेवली तरी पुरे. दोन्हींमुळे पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं. एका ग्रॅम प्रथिनात ४ कॅलरी असतात, कर्बोदकांतही (कार्बोहायड्रेट) ४ आणि चरबीत ९. म्हणून तेल, तूप, लोणी, सुका मेवा हे चांगले असले तरी डोळ्यांनी अंदाज न घेता चमच्याने मोजून घ्यावेत. बाटलीतून थेट ओतलेलं तेल कधीच एक चमचा नसतं.

पेयांकडे स्वतंत्र लक्ष द्या. साखरेची थंड पेयं, फळांचे रस, दिवसातून पाच वेळा घेतलेली गोड चहा-कॉफी, या कॅलरी पोटाला कळत नाहीत. रस प्यायल्यावर जेवण कमी जात नाही, अख्खं फळ खाल्ल्यावर जातं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. माझ्या अनुभवात नुसत्या पेयांतली साखर सुटली तरी अनेकांचं पहिल्या दोन महिन्यांचं काम होऊन जातं.

मग पाकिटबंद पदार्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ साली २० जणांना महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रियेच्या अन्नावर असताना तीच माणसं रोज जवळपास ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे ०.९ किलोने वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. म्हणून बिस्किटाचा पुडा संपल्यावर स्वतःला दोष देऊ नका. तो पुडा घरात आणू नका, एवढंच करा.

शेवटचं, सावकाश जेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. सात मिनिटांत ताट रिकामं होत असेल तर निरोप यायच्या आत दुसरी वाढ झालेली असते.

७. कार्बोहायड्रेट पूर्ण बंद केले तर? मैत्रिणीचे पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले.

उतरले असतील, पण त्यातली चरबी थोडी आणि पाणी जास्त. शरीर काही शेकडा ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा शरीरातला साठा) साठवून ठेवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं बंद झाली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. पुन्हा खाल्ली की परत येतं.

कायमचा फरक पाहायचा तर वर्षभर थांबावं लागतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६०९ जणांना कमी चरबीच्या आणि कमी कर्बोदकांच्या अशा दोन गटांत विभागलं होतं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं आणि दुसऱ्याचं ६.० किलो. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. मोठा फरक गटागटात नसून एकाच गटातल्या माणसामाणसांत होता. तुम्हाला कमी धान्य खाऊन बरं वाटत असेल तर जरूर तसं खा. धान्यावाचून जेवल्यासारखं वाटत नसेल तर पाव ताट ठेवा आणि अपराधी वाटून घेऊ नका.

८. रात्री उशिरा खाल्लेलं सगळं चरबी होतं म्हणतात. आणि सोळा तास उपाशी राहायचं फॅड खरं का?

घड्याळात ठरावीक वेळ झाली की अन्नाची चरबी होते, असं काही नाही. पण रात्री उशिरा आपण बहुधा भुकेने खात नाही. कंटाळा, जागरण, समोरचा पडदा ही कारणं असतात आणि हात पाकिटाकडेच जातो. रात्रीचं खाणं बंद केल्याने अनेकांना फायदा होतो तो यामुळे.

ठरावीक तासांतच खाण्याच्या पद्धतीची तुलना रोज थोडं कमी खाण्याशी केली गेली आहे. वजनाचा निकाल साधारण सारखाच येतो. कोणाला 'आठ तास खा, मग नाही' असा सोपा नियम आवडतो. कोणी मात्र दुपारी बारा वाजता उपास सोडून संध्याकाळपर्यंत दुप्पट खातो. तुम्ही यातले कोण, ते दोन आठवड्यांत कळतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

९. साखरेऐवजी गोड गोळ्या चालतील?

वजन आटोक्यात ठेवण्याचं साधन म्हणून त्या वापरू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. दिवसाला चार चमचे साखर घेणाऱ्याने पायरी म्हणून काही दिवस घेतल्या तर मी अडवणार नाही. पण दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभच बदलते आणि पर्याय लागत नाही.

१०. व्यायाम किती आणि कुठला? जिमला जाणं शक्य नाही.

जिम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितला आहे आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. मध्यम म्हणजे काय, ते असं ओळखा: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही.

आजवर काहीच केलं नसेल तर १५० हा आकडा विसरा. जेवणानंतर दहा मिनिटं चाला. दोन आठवडे ते जमलं की पंधरा. घरच्या घरी उठाबशा (खुर्चीत बसून उठणं हीसुद्धा उठाबशीच), भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्याने स्नायूंची सुरुवात होते. बायकांना वजन उचलायची उगाच भीती वाटते. शरीर पुरुषी होत नाही. तूट असताना स्नायू शाबूत ठेवायला यासारखं दुसरं साधन नाही.

रोज दहा हजार पावलांचं काय? त्या आकड्याचा उगम जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मोजयंत्र' असा होतो. सात-आठ हजारांवरही तब्येतीचा भरपूर फायदा दिसतो. आज तुमची तीन हजार होत असतील तर पुढच्या महिन्याचं लक्ष्य चार हजार ठेवा.

छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांना भेटा.

११. बाकी ठीक आहे, मला फक्त पोट कमी करायचंय. कुठला व्यायाम?

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी नेमून कमी होत नाही. ती कुठून आधी जाणार हे आनुवंशिकता, वय आणि हार्मोन्स ठरवतात. एकूण वजन उतरू लागलं की कंबरही उतरते. दर महिन्याला टेपने मोजत राहा.

१२. वजन रोज करू का? काल ६८.२, आज ६९.४! एका दिवसात सव्वा किलो कसं वाढेल?

चरबी वाढलेली नाही. एका दिवसात सव्वा किलो चरबी साठवायची तर गरजेपेक्षा नऊ हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील (प्रश्न ४ मधलं गणित). हे पाणी आहे. आदल्या रात्रीचं खारट जेवण, साफ न झालेलं पोट, पाळीच्या आधीचे दिवस, प्रवास, यांतल्या कशानेही एक-दोन किलो इकडेतिकडे होतात. नवीन व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा वर जातो तोही बहुतांश पाण्यामुळेच, कारण ताण पडलेले स्नायू सावरताना पाणी धरून ठेवतात. 'व्यायामाने वजन वाढलं' म्हणून तो बंद करणारे बरेच जण याच टप्प्यावर थांबलेले असतात.

सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. सरासऱ्यांची तुलना सरासऱ्यांशी. बायकांनी पाळीच्या एका चक्रातल्या आठवड्याची तुलना पुढच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. आणि सकाळचा आकडा तुमचा अख्खा दिवस खराब करत असेल, तर काटा ठेवून द्या आणि टेप वापरा.

१३. मी खरंच खूप कमी खाते, तरी वजन हलत नाही. घरचे विश्वास ठेवत नाहीत.

मी ठेवते. तुम्हाला तसं प्रामाणिकपणे वाटतं यात मला शंका नाही. पण एक प्रयोग सांगते. १९९२ साली अमेरिकेत अशाच दहा जणांची तपासणी झाली, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी सगळ्यांची तक्रार होती. त्यांचा चयापचय अपेक्षेप्रमाणेच निघाला. मात्र त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटं बोलत नव्हती. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, चहाबरोबरचं, उभ्याउभ्या खाल्लेलं, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

म्हणून दोनच आठवडे सगळं लिहा, तेही खाण्याच्या आधी, नंतर नव्हे. तेल-तूप चमच्याने, धान्य वाटीने. आणि शनिवार-रविवार वगळू नका. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० कॅलरींची तूट म्हणजे २,०००. दोन सुटीच्या दिवशी रोज ८०० जास्त गेल्या की त्यातल्या १,६०० परत आल्या. आठवडाभर संयम पाळल्याची जाणीव खरी असते, पण हातात उरतात फक्त ४००.

वही प्रामाणिकपणे भरली आणि तरीही महिन्याभरात काहीच हललं नाही, तर प्रश्न १८ पाहा.

१४. तीन महिने छान उतरलं. आता दीड महिना एकाच आकड्यावर अडकलंय.

हे जवळजवळ सगळ्यांना होतं. दहा किलो हलकं झालेलं शरीर चालायला, उभं राहायला, अगदी झोपून राहायलाही कमी ऊर्जा वापरतं. त्यात शरीर आपणहून थोडी काटकसर करतं आणि भूक वाढवतं. सुरुवातीला जी तूट होती ती आता उरलेली नसते.

आधी पाहा की अडकलंय की सैलावलंय. पहिल्या महिन्यातला मोजायचा चमचा अजून डब्यात आहे का? सगळं तसंच असेल तर रोजच्या चालण्यात पंधरा-वीस मिनिटं वाढवा किंवा एका जेवणातलं धान्य थोडं कमी करा. दोन्ही एकदम नको. तिसराही मार्ग आहे आणि मला तो आवडतो: महिनाभर काहीही कमी न करता याच वजनावर राहा. वजन टिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते कधीतरी शिकावंच लागणार आहे (प्रश्न २१).

१५. चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतो, मग काय उपयोग?

२०२१ साली २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मापं एकत्र तपासली गेली. शरीराचं आकारमान हिशोबात घेतलं तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर राहतो. उतार त्यानंतर लागतो, तोही वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी. चाळिशीत बदलतं ते आयुष्य: बैठं काम वाढतं, झोप घटते, खेळ सुटतो, स्नायू कमी होतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, हे मात्र खरं आहे. स्नायूंचा व्यायाम या वयात आधीपेक्षा जास्त गरजेचा.

१६. झोपेचा आणि वजनाचा काय संबंध?

फार जवळचा. २०१० सालचा एक छोटा प्रयोग मला नेहमी आठवतो. दहा जणांना सारखंच कमी खायला दिलं. दोन आठवडे रात्री साडेआठ तास झोपायची संधी, दोन आठवडे साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण ३ किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकीचा मोठा वाटा स्नायू वगैरेंचा गेला. शिवाय कमी झोपेत भूक चाळवते आणि गोड-तळलेलं जास्त हवंसं वाटतं. पहाटे पाचला उठून व्यायाम करण्यासाठी झोप पाच तासांवर आणली असेल तर मी व्यायामाची वेळ बदलायला सांगेन.

१७. एक दिवस घसरले की वाटतं आता गेलंच सगळं, आणि मग आठवडाभर काहीही खाते.

नुकसान त्या एका दिवसाने फारसं होत नाही, पुढच्या आठवड्याने होतं. लंडनमध्ये ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. चुकलेल्या जेवणानंतरचं जेवण नेहमीसारखं घ्या. उपाशी राहून भरपाई करू नका, त्याने पुढच्या घसरणीची तयारी होते.

वारंवार घसरण होत असेल तर बहुधा तुम्ही फार कमी खाताय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसरात्र अन्नच सुचायचं. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. ही इच्छाशक्तीची कमतरता नव्हती, उपाशी शरीर असंच वागतं.

भरपूर खाऊन मग उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, लपून खाणं, जेवणाची सतत धास्ती, यातलं काहीही होत असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. हे आजार बरे होतात.

१८. थायरॉइड आहे / मधुमेहाची औषधं चालू आहेत. मला हे सगळं लागू पडतं का?

लागू पडतं, पण डॉक्टरांना सोबत घेऊन. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (साखर उतरवणाऱ्या) गोळ्या चालू असताना खाणं कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. वजन उतरेल तसा रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो. म्हणून बदल सुरू करण्याआधी सांगा, नंतर नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हेही त्यांनाच विचारा.

थायरॉइड कमी काम करत असेल तर काही किलो वाढतात, त्यातही पाणी-मीठ बरंच असतं. गोळी नियमित घेतली आणि तपासणी ठीक आली, तर वजन उतरवायला तिचा अडथळा राहत नाही. स्टेरॉइड्स, काही मानसिक आजारांवरची आणि नैराश्यावरची औषधं वजन वाढवू शकतात. ती परस्पर बंद करू नका. पर्याय आहे का, ते विचारा. पाळी अनियमित असून वजन वाढत असेल तर पीसीओएसची (हार्मोन्सच्या असंतुलनाचा बायकांमधला एक विकार) तपासणी करून घ्यावी.

१९. वजन उतरवणारी, आठवड्याला एकदा घ्यायची ती इंजेक्शनं घेऊ का?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं काम करतात. २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. स्थूलतेमुळे आजार जडलेल्या माणसाला डॉक्टरांनी ती सुचवली तर त्यात कमीपणा नाही. लग्नकार्यासाठी चार किलो उतरवायला मात्र ती नाहीत. घेत असाल तेव्हाही प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम सोडू नका, कारण भूक मेल्यावर स्नायूही झपाट्याने जातात.

२०. गरोदरपणी, बाळंतपणानंतर, मुलांसाठी किंवा म्हाताऱ्या आईसाठी?

गरोदरपणात वजन उतरवायला जाऊ नये, फक्त वाढ किती व्हावी ते डॉक्टरांशी ठरवावं. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे शरीर सावरू द्या. अंगावर पाजत असाल तरी पुढे आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत उतरणं सहसा चालतं, कडक डाएट नको. वाढीच्या वयातल्या मुलांचं खाणं तोडू नये. घरातली पेयं, पाकिटं, खेळाचा वेळ आणि झोप बदला, तेही सगळ्या घरासाठी. एकट्या मुलाला वेगळं ताट देऊ नका आणि त्याच्या शरीरावर शेरे मारू नका. वयस्कर माणसांत स्नायू टिकणं वजन उतरण्यापेक्षा मोलाचं, म्हणून प्रथिनं पुरेशी (दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम) आणि खुर्चीतून उठण्यासारखे ताकदीचे व्यायाम आधी.

२१. उतरलेलं वजन परत येतंच म्हणतात. मग टिकवणारे काय करतात?

बऱ्याच जणांचं परत येतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण टिकवणारेही आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालते. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत प्रवेश मिळतो. त्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांचा रोज सरासरी तासभर व्यायाम होतो आणि तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. ही माणसं आपणहून नोंदलेली आहेत, त्यामुळे यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही मला त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते: त्यांनी लक्ष देणं थांबवलं नाही. स्वतःसाठी एक रेष ठरवा, समजा लक्ष्यापेक्षा दोन किलो वर. सरासरी ती रेष ओलांडू लागली की पुन्हा चमचा आणि वही काढा. दोन किलो उतरवणं जमतं. बारा किलो पुन्हा उतरवायला बसणं मन खचवतं.

२२. मी काहीच केलं नाही, तरी सहा महिन्यांत पाच किलो उतरले. छानच ना?

नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त उतरणं हे तपासणी करून घेण्याचं कारण आहे. मधुमेह, थायरॉइडचं जास्त काम, क्षयरोग, पचनाचे आजार, नैराश्य, कर्करोग, यांपैकी काहीही मागे असू शकतं आणि अनेकदा लवकर कळलं तर उपचार सोपे होतात. लोक 'बारीक झालीस' म्हणून कौतुक करत असतील तरी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि जाताना आधीच्या वजनांच्या तारीखवार नोंदी असतील तर बरोबर न्या.